सिनॉलॉजी डीएस२२४+ : जेलरोडच्या घरातला वापर

सिनेमे आणि मालिका बघायला म्हणून नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा, घ्यायचा बेत असेल तर तो इथंच सोडून द्या. डबा, दोन डिस्क आणि यूपीएस मिळून आमचे जे पन्नास-पंचावन्न हजार गेले, त्यात दोन-तीन ओटीटींची कित्येक वर्षांची वर्गणी भागते आणि घरात केबल ओढावी लागत नाही. मी सिनॉलॉजीचा डीएस२२४+ घेतला तो निराळ्या गरजेतून. पुढचं सगळं त्या गरजेच्या मापानं वाचा.

माझे सासरे नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. ड्यूटी संपली की त्यांना दोन नाद, टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. तिथं ते रेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसत. पुढे हँडीकॅम आला आणि २००३ चा सिंहस्थ, रंगपंचमीला रंगाच्या हौदात उड्या मारतात ती तिवंध्याची रहाड, घरातल्या मुंजी-बारशी, पोरांची स्नेहसंमेलनं असं सगळं मिनीडीव्हीवर जमा होत गेलं. ते गेल्यावर बुटांचे खोके भरून कॅसेटी माझ्या वाट्याला आल्या. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, संगणकाशी संबंध तेवढाच. पण घरात ‘कॉम्प्युटरचं बघणारी’ मीच.

ओटीटीवरून एखादा सिनेमा काढून टाकला तरी तो दुसरीकडे सापडतो. सासऱ्यांनी टिपलेलं रामकुंड दुसरीकडे कुठंच नाही. फाळक्यांच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फाळक्यांचे स्वतःचे बहुतेक सिनेमे आज बघायला मिळत नाहीत. म्हणून माझा क्रम ठरलेला होता: पैसे आधी माल टिकण्यावर घालायचे, मग तो टीव्हीवर दिसण्यावर. दुकानात गेलात की हा क्रम उलटा करून सांगतात.

आधी आमच्याकडे जुना डेस्कटॉप होता. त्यात एक डिस्क, विंडोजचं शेअर्ड फोल्डर आणि बाहेरून यूएसबीला लटकवलेली आणखी एक डिस्क. चालायचं, पण मी घरी असेन तेव्हाच. मशीन सुरू करायला मी, अपडेट होऊन बंद पडलं की उठवायला मी. त्यात बाहेरची डिस्क टकटक आवाज करू लागली. डिस्कनं टकटक केली की तिच्यावरचं उचलायचं आणि तिला निरोप द्यायचा, हे ज्याला कळतं तो थांबत नाही.

आता डब्याविषयी. डीएस२२४+ हा २०२३ चा, दोन डिस्कचा नॅस. आत इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ आहे, आणि तो प्रोसेसर २०१९ चा. रॅम २ जीबी, बोर्डावरच बसवलेली; एक खाच मोकळी आहे, तिच्यात ४ जीबीची पट्टी घालून अधिकृतपणे ६ जीबीपर्यंत जाता येतं. नेटवर्कचे दोन पोर्ट, दोन्ही १ गिगाबिटचे. या किमतीत हा कंजूषपणाच आहे. २०२५ मध्ये याचा पुढचा भाऊ डीएस२२५+ आला. त्यात एक पोर्ट २.५ गिगाबिटचा झाला, पण प्रोसेसर पुन्हा जे४१२५. म्हणजे कागदावरचे आकडे बघून खरेदी करणाऱ्यानं या कंपनीच्या वाटेला जाऊ नये.

तरीही मी घेतला तो डीएसएमसाठी, म्हणजे यांच्या स्वतःच्या प्रणालीसाठी. ब्राउझरमध्ये उघडते, डिस्कची तब्येत सांगते, काही बिघडलं तर मेल पाठवते, आणि महिनोन्‌महिने तिच्याकडे बघितलं नाही तरी रुसत नाही. शिवाय वीज. डिस्क चालू असताना डबा पंधरा वॅटच्या आसपास खातो, म्हणजे दिवसरात्र ठेवूनही महिन्याला साधारण ११ युनिट. ८० वॅटचा डेस्कटॉप तसाच ठेवला तर ५७ युनिट होतात.

खरा वेळ घालवावा तो डिस्क निवडण्यात. एका दुकानात मला सीसीटीव्हीची डिस्क पुढे करण्यात आली. “मॅडम, टेराबाइटला टेराबाइट, फरक काय पडतो?” फरक पडतो. सीसीटीव्हीची डिस्क सतत लिहीत राहण्यासाठी जुळवलेली असते. आमचं काम मुख्यतः वाचायचं. पण त्याहून मोठी भानगड एसएमआरची. या पद्धतीत डिस्कवरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. जागा जास्त निघते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलून पुन्हा बसवावी लागतात. रोजच्या वापरात कळणारही नाही. एक डिस्क मेली, नवी घातली आणि सगळा माल तिच्यावर पुन्हा उतरवायची वेळ आली की मात्र ती रेंगाळते, आणि नेमक्या त्याच वेळी उरलेल्या डिस्कवर सगळा भार असतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर बोंब झाली. तेव्हापासून रेड प्लस म्हणजे सीएमआर, पट्टे एकमेकांवर न चढवणारी पद्धत, अशी विभागणी झाली. सीगेटच्या आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत. मी ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ घेतल्या. ५४०० आरपीएमच्या आहेत, त्यामुळे आवाज बेताचा. ८ टीबीची घेतली तर ती ७२०० ची येऊ शकते, आणि तशी आली की रात्री बैठकीत झोपणाऱ्या पाहुण्याला ऐकू जाते.

४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या म्हणजे ८ टीबी मिळाले, असं होत नाही. एसएचआर नावाच्या मांडणीत दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवते, म्हणून वापरायला एकाच डिस्कची जागा, आणि तीही पडद्यावर ३.६ टीबी दिसते, कारण संगणक १०२४ च्या हिशेबानं मोजतो. त्यात माल किती मावतो? मिनीडीव्हीची एक तासाची टेप जशीच्या तशी उतरवली तर १३ जीबी होते. शंभर टेपा म्हणजे १.३ टीबी. कॅसेटीवरची भाषणं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता, ठेवली तरी त्यापुढे चिल्लरच. घरातल्या सगळ्या फोनचे फोटो धरूनही आम्हाला जागा पुरते आहे.

टेपा उतरवणं हा प्रकार डब्याहून अवघड निघाला. मिनीडीव्हीचा माल फायरवायर या जुन्या जोडणीनंच नीट निघतो आणि ते पोर्ट नव्या लॅपटॉपवर येतच नाही. अ‍ॅपलनं तर २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायरचा आधारच काढून टाकला. जुना डेस्कटॉप इथं कामाला आला: त्यात फायरवायरचं कार्ड बसवलं आणि विनडीव्ही नावाच्या चिमुकल्या प्रोग्रामनं टेपा घेतल्या. ज्यांच्याकडे अशा टेपा आहेत त्यांनी नॅस नंतर घ्यावा, चालता कॅमेरा आधी शोधावा. डबा पुढच्या वर्षीही मिळेल. चालते हँडीकॅम दरवर्षी कमी होताहेत.

उतरवलेली मूळ फाइल मी हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि बघण्यासाठी हँडब्रेक या प्रोग्रामनं दुसरी प्रत करते. आपली पाल चित्रं इंटरलेस्ड असतात, सेकंदाला ५० अर्धी चित्रं. सरळ बदलायला गेलं तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसला ‘बॉब’ निवडलं की त्या ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं होतात आणि मिरवणूक सुळसुळीत हलते. हे सेटिंग न कळल्यामुळे कित्येक लग्नांच्या व्हिडिओंची दुकानांत वाट लागलेली मी पाहिली आहे. सीडीवाले पंचवीसच ठेवतात आणि वर ‘जुनं आहे, असंच येणार’ म्हणून सांगतात.

सॉफ्टवेअरकडे वळू. सिनॉलॉजीचं स्वतःचं व्हिडिओ स्टेशन होतं, ते २०२४ मध्ये डीएसएम ७.२.२ आलं तेव्हा कंपनीनं बंद केलं. त्यामुळे डब्यासोबत फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर काही उभं करू नये. आपल्या फायली टीव्हीवर मांडून दाखवणारं प्लेक्स देखणं आहे, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायला पैसे लागतात, आणि आयुष्यभराच्या पासची किंमत त्याच वेळी १२० डॉलरवरून २५० डॉलर झाली. मी त्याच कामाचं जेलीफिन लावलं. एम्बी या तशाच प्रोग्रामनं आपला खुला कोड बंद केल्यावर २०१८ मध्ये काही जणांनी वेगळी चूल मांडून हे सुरू केलं. पूर्ण मोफत, खातं काढायची गरज नाही, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरून व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा प्रकारात बदलण्याची सोयही फुकट.

जेलीफिन लावण्याचं काम एका संध्याकाळचं आहे, पण ते ‘इन्स्टॉल’चं बटण दाबून होणारं नाही. कंटेनर मॅनेजर म्हणजे बाहेरचे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणारी डीएसएमची सोय. तिच्यात प्रोजेक्ट करून त्याला कंपोज फाइल, म्हणजे सगळ्या सेटिंगची लेखी यादी, द्यावी लागते, आणि ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरच्या हाती सोपवणारी ओळ त्या फायलीतच लिहावी लागते. ती नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या डोक्यावर येतो. ती असली की १०८० चा एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओ हा जुना सेलेरॉन आरामात बदलून देतो. ४के एचडीआर लहान करायला सांगितलं तर त्याला धाप लागते, आणि एव्ही१ हा नवा व्हिडिओ-प्रकार त्याला कळतच नाही. पण घरच्या टीव्हीवर हे सहसा करावंच लागत नाही. फोनवर काढलेलं टीव्ही थेट वाजवतो, आणि टेपांच्या प्रती मी आधीच एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात करून ठेवलेल्या आहेत. पॅकेज सेंटरमध्ये सरळ एक बटण असतं तर मी हा डबा कुणालाही सुचवला असता. सध्या तरी, ज्याच्या घरात कंपोज फायलीला न घाबरणारा एक जण आहे त्यालाच सुचवते.

मराठी घरासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरचे व्हिडिओ ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ या प्रकारच्या लायब्ररीतच घाला. सिनेमांच्या लायब्ररीत घातले तर जेलीफिन नावावरून इंटरनेटवर शोध घेतं आणि भाच्याच्या मुंजीला कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर येऊन चिकटतं. दुसरं, देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसले तर प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये फॉलबॅक फॉन्टचा पर्याय आहे. तिथं नोटो सॅन्स देवनागरी ठेवा. फायलींची नावं देवनागरीत बिनधास्त ठेवा. माझ्या सगळ्या तशाच आहेत.

व्याख्यानांना मी संगीत लायब्ररीत बसवलं: कलाकाराच्या जागी वक्ता, अल्बमच्या जागी व्याख्यानमालेचं वर्ष. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मिळतात, आणि वक्ता काही त्या हिशेबानं थांबत नाही. ऐन वाक्यात ‘खट’ होतं, आणि पुढची बाजू सुरू होईपर्यंत दोन वाक्यं गेलेली असतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये दोन्ही बाजू जोडून घेतल्या. गेलेली वाक्यं गेली.

खरी परीक्षा सासूबाईंच्या हातात रिमोट दिल्यावर झाली. पहिल्याच आठवड्यात हाक: “अगं, हे नुसतं गोल गोल फिरतंय.” बघते तर डिस्क झोपलेल्या. बराच वेळ कुणी वापरलं नाही की डबा डिस्क थांबवतो, आणि त्या पुन्हा फिरायला काही सेकंद लागतात. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्या लेखी टीव्ही बिघडला. हार्ड डिस्क हायबरनेशन बंद करून टाकलं. चार युनिट जास्त जातील, पण डिस्कचं वारंवार थांबणं-सुरू होणंही टळतं. आता दुपारी जेवणानंतर त्यांचं अर्धं राहिलेलं व्याख्यान त्या स्वतः लावतात आणि आवाज इतका मोठा ठेवतात की शेजारच्या काकूंचंही ऐकून होतं.

टीव्ही आणि डबा यांच्यामधल्या तारेबद्दल एक गैरसमज आहे. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचं वायफाय जास्त वेगानं चालू शकतं. डबा मात्र राउटरला केबलनंच जोडा. इंटरनेटवाल्यानं आमचा राउटर दाराजवळ बसवला होता. मी कॅट-६ ओढून तो बैठकीत आणवला. भिंतीला भोकं पाडणाऱ्यानं घेतलेले पैसे मला अजून जास्त वाटतात.

आता यूपीएस, आणि इथं आपल्याकडची वेगळी अडचण येते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून बहुतेक जण यूपीएस घेत नाहीत. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात डबा बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. यूपीएस मोडवर टाकलं तर तो अडथळा जातो, पण बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर डब्याला सांगत नाही. यूएसबीनं जोडता येणारा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेतला की तो सांगतो, आणि डीएसएम लिहिणं थांबवून स्वतःहून सुरक्षित बंद होतो. जूनमधल्या वादळी पावसात आमच्याकडे लाइट दिवसातून अनेकदा येते-जाते. तेव्हा या यूपीएसनं पैसे वसूल केले. यूपीएस घेताना डेटा पोर्ट आहे ना हे खोक्यावर नाही, मागच्या बाजूला बघून घ्या.

पुण्याच्या नणंदेला हे सगळं तिच्या टीव्हीवर हवं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे घराला स्वतःचा पत्ताच नसतो. मग राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही. आणि उघडता आला तरी उघडू नये. टेलस्केल हे दूरची उपकरणं इंटरनेटवरून खासगीत जोडतं; त्याचं पॅकेज डब्यात घातलं, तिच्या अँड्रॉइड टीव्हीवर तेच अ‍ॅप टाकलं, आणि दोन्ही घरं एकाच नेटवर्कवर आली. घरगुती वापराला फुकट आहे. नणंदेनं सगळ्यात आधी शोधलं ते स्वतःचं स्नेहसंमेलन, आणि लगेच फोन: “वहिनी, माझा नाच अर्धाच कसा गं?” टेप तिथंच संपली होती. वीस वर्षांनी वडिलांवर रागावणं झालं.

दोन डिस्कवर माल आहे म्हणजे बॅकअप झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. फोल्डर चुकून पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसलं जातं. त्यासाठी डीएस२२४+ मध्ये बीटीआरएफएस ही फायली साठवायची पद्धत आहे, तिचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळी माल कसा होता याच्या नोंदी, रोज घेतले जातात आणि पुसलेलं परत आणता येतं. पण वीज पडली, चोरी झाली, तर डबाच जातो. म्हणून सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपनं एका बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत घेते आणि ती नणंदेकडे असते. सणावाराला ती आली की जुनी डिस्क आणते, ताजी घेऊन जाते. क्लाउडवर १ टीबीच्या वर ठेवायचा महिन्याचा खर्च बघितल्यावर ही पद्धत मला फार आवडू लागली.

मोठं करायची वेळ आली की या डब्याची मर्यादा टोचेल. तिसरी डिस्क घालायला जागा नाही. एक काढून मोठी घाला, नक्कल पूर्ण होऊ द्या, मग दुसरी काढून मोठी घाला, असं करता येतं. पण दोन्ही नव्या घ्याव्या लागतात आणि जुन्या दोन हातात राहतात. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं, किंवा ज्याचा माल दरवर्षी टीबीनं वाढतो त्यानं, सुरुवातीलाच चार डिस्कचा बघावा. आणखी एक: २०२५ च्या प्लस मॉडेलांवर कंपनीनं स्वतःच्याच किंवा मान्य केलेल्या डिस्कची सक्ती आणली होती, ती त्याच वर्षी डीएसएम ७.३ मध्ये सैल केली. डीएस२२४+ ला तो नियम लागूच नव्हता. नवं मॉडेल घेणाऱ्यानं आपली डिस्क चालते का, हे घेण्याआधी तपासावं.

स्वस्तातला डीएस२२३जे मोह पाडतो. नुसते फोटो आणि फायली ठेवायच्या असतील तर घ्या, पण त्यात १ जीबी रॅम आहे आणि बीटीआरएफएस नाही, म्हणजे स्नॅपशॉटही नाहीत. जेलीफिन जोरात पळवायचं हाच एक हेतू असेल तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी कमी पैशांत याला मागे टाकतो, एव्ही१ सुद्धा वाजवतो. मग त्याची प्रणाली, डिस्क, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. माझ्या धाकट्या भावानं तसं केलंय आणि तो खूश आहे. त्याला रविवारी दुसरं काम नसतं.

खरेदी कुठूनही करा, पण डिस्कचं बिल जीएसटीचं आणि त्यावर सीरियल नंबर छापलेला असं घ्या. सीगेटच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. आयर्नवुल्फला तीन वर्षं दिसली पाहिजेत. कमी दिसली तर डिस्क डब्यात घालू नका, पाकीट बंद करून त्याच दिवशी परत न्या.